‘लॉगिन आहे का’ एवढंच विचारणारं टूल आणि त्याचं एका ओळीचं डॉक्युमेंटेशन: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या टीमचं आहे आणि मी त्या टीममध्ये आहे. ब्रोकरचं नाव देत नाही, वापरकर्त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. घडलं तसं लिहितोय, कारण शेअर बाजाराच्या एपीआयवर (प्रोग्रामने ब्रोकरच्या सर्व्हरशी थेट बोलायची सोय) एआय एजंट, म्हणजे आपल्या वतीने टूल वापरून कामं करणारा एआय, बसवणारे आता खूप जण आहेत आणि त्यातले बहुतेक जण लॉगिन तपासणाऱ्या टूलचं वर्णन सगळ्यात शेवटी, घाईत लिहितात. आम्हीही तेच केलं होतं.

पार्श्वभूमी

आम्ही एका ब्रोकरच्या एपीआयवर एमसीपी सर्व्हर बांधला. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरच्या सेवांशी जोडायची ठरलेली पद्धत, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला. त्यात प्रत्येक टूलला एक नाव असतं, एक वर्णन असतं आणि कुठले इनपुट चालतील त्याचा स्कीमा असतो. एजंटला आपला कोड दिसत नाही, त्याला दिसतं ते एवढंच. म्हणजे होल्डिंग (खात्यातले शेअर) दाखवणारं टूल, ऑर्डर टाकणारं टूल, भाव आणणारं टूल, या सगळ्यांबद्दल एजंटला जे काही माहीत असतं ते त्या दोन-चार ओळींतून आलेलं असतं, आणि ओळी कमी पडल्या तर राहिलेलं तो स्वतःच्या अंदाजाने भरतो.

आपल्याकडे यात लॉगिनचा भाग जरा वेगळा आहे. ब्रोकरच्या एपीआयचं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळणारी डिजिटल चावी, एकदा घेतलं की महिनाभर चाललं असं होत नाही. रोज पुढचं ट्रेडिंग सुरू व्हायच्या आधी सेशन बंद होतं, आमच्या ब्रोकरकडे सकाळी सहाच्या सुमारास टोकन मरतं, मग माणसाने पुन्हा पासवर्ड आणि टीओटीपी (अ‍ॅपमध्ये सतत बदलणारा सहा आकडी कोड) टाकून आत यायचं. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला रिटेल अल्गो ट्रेडिंगचं परिपत्रक काढलं त्यात तर स्पष्टच आहे, ओऑथनेच लॉगिन (म्हणजे पासवर्ड ब्रोकरच्याच पानावर टाकायचा), टू फॅक्टर म्हणजे पासवर्डशिवाय दुसरा पुरावा लागणारच, आणि एपीआय वापरायचं तर ब्रोकरकडे नोंदवलेला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता हवा. त्यामुळे ‘आत्ता लॉगिन आहे का’ हा प्रश्न एजंटला रोज सकाळी पडणारच, तो टाळता येत नाही.

त्यासाठी आम्ही चेक_ऑथ नावाचं टूल दिलं. त्याचं वर्णन एका ओळीचं: ‘वापरकर्ता ऑथेंटिकेटेड आहे का ते तपासतं.’ उत्तर ट्रू नाहीतर फॉल्स. ही ओळ मी लिहिली होती, दोन मिनिटांत, आणि तेव्हा ती पुरेशी वाटली होती.

काय झालं

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीकडचे एक निवृत्त बँक कर्मचारी आमच्या पहिल्या काही वापरकर्त्यांमध्ये होते, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. सोमवारी सकाळी नऊ वाजून गेल्यावर त्यांनी एजंटला मराठीत विचारलं, माझे शेअर आज कसे आहेत. एजंटने चेक_ऑथ बोलावलं, उत्तर आलं ट्रू. का आलं, तर आमचा कोड फक्त टोकनची फाईल आहे का एवढंच बघत होता, आणि फाईल होती, शुक्रवारची. मग एजंटने होल्डिंग मागितलं तर ब्रोकरकडून ४०३ हा एररचा आकडा आला. आता एचटीटीपीच्या, म्हणजे वेबच्या नियमाने ओळख पटली नाही तर ४०१ यायला हवा आणि ओळख पटलीय पण परवानगी नाही तर ४०३, पण या ब्रोकरकडे टोकन संपलं तरी ४०३ च येतो, आम्हाला ते माहीत होतं, लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. एजंटने पुन्हा चेक_ऑथ केलं, पुन्हा ट्रू. म्हणजे लॉगिन तर आहे पण परवानगी नाही. त्याने काकांना सांगितलं की खात्यावर निर्बंध आलेला दिसतोय, ओळख पुन्हा पटवावी लागेल, कृपया यूजर आयडी, पासवर्ड आणि अ‍ॅपमधला सहा आकडी कोड इथे द्या.

काकांनी दिला. तिन्ही.

त्यांचा फोन आला तेव्हा ते खातं बंद झालं म्हणून घाबरलेले होते, पासवर्डचं त्यांनी ओघात सांगितलं. मी म्हटलं काका, पासवर्ड कशाला टाकलात चॅटमध्ये. तर म्हणाले, “अहो, तुमच्याच अ‍ॅपने मागितला ना. एवढी वर्षं बँकेत काउंटरवर बसून लोकांना सांगितलं ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून, पण हा कुणी परका थोडाच होता.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा आकडी कोड अर्ध्या मिनिटात मेला, टीओटीपी साधारण तीस सेकंदांचाच असतो, पण पासवर्ड जिवंत होता आणि तो आता चॅटच्या इतिहासात लिहिलेला होता. त्यांच्याशी फोनवर राहूनच पासवर्ड बदलून घेतला, सगळी सेशन बंद करायला लावली, ते संभाषण पुसायला लावलं. आमच्या सर्व्हरचे लॉग तपासले, तिथे काही आलं नव्हतं, कारण चेक_ऑथला एकही इनपुट नव्हता, एजंटला पासवर्ड पाठवायचा म्हटलं तरी पाठवायला जागाच नव्हती. पैशाचं नुकसान झालं नाही. पण ते झालं नाही म्हणून प्रकरण लहान होत नाही.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका वापरकर्त्याची तक्रार आली, ती उलट बाजूची. त्याचं स्वतःचं एक स्क्रिप्ट त्याच एपीआय कीवर (ब्रोकरने प्रोग्रामला दिलेली ओळख) चालू होतं, नफा वाढेल तसा स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर, वर सरकवणारं. तोपर्यंत काकांच्या प्रकरणानंतर आम्ही घाईत बदल करून चेक_ऑथला ब्रोकरच्या सर्व्हरला खरंच विचारायला लावलं होतं, आणि विचारताना टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, की कोड फॉल्स देत होता. एजंटने फॉल्स बघून त्याला सांगितलं, लॉगिन संपलंय, पुन्हा करा. त्याने केलं. या ब्रोकरकडे नवीन लॉगिन झालं की त्या कीचं जुनं टोकन रद्द होतं. स्क्रिप्ट गप्प बंद पडलं. एक्स्चेंजवर आधी टाकलेली स्टॉपलॉस ऑर्डर होती तशीच राहिली, पण जुन्या भावावर, आणि पुढे सरकवणारं कुणी नव्हतं. त्याला हे दुपारी कळलं.

दोन्ही वेळा एजंटने मुद्दाम वेडंवाकडं काही केलेलं नाही. दिलेल्या माहितीवर जे सुसंगत वाटेल ते केलं. ट्रू म्हणजे नेमकं काय, फॉल्स म्हणजे काय, आणि फॉल्स आल्यावर पुढे काय करायचं, यातलं काहीच आम्ही सांगितलेलं नव्हतं.

कुठले पर्याय होते

टीममध्ये यावर दोन दिवस चर्चा झाली, कधी कधी आवाज चढवून.

पहिला पर्याय, टूलच काढून टाका. प्रत्येक टूल आपापलं सांगेल की सेशन संपलंय. यात तथ्य आहे, कारण आत्ता तपासलं आणि पुढच्या क्षणी टोकन मेलं असं होऊ शकतंच, त्यामुळे आधी केलेली तपासणी कधीच पक्की हमी नसते. पण मग एजंट लॉगिन आहे का हे बघायला थेट होल्डिंग किंवा फंडचं टूल बोलावतो, म्हणजे विचारलेलं नसताना खात्याची माहिती संभाषणात ओततो. ते नको वाटलं.

दुसरा पर्याय ऑटो लॉगिन. टीओटीपीची सीक्रेट की साठवून ठेवायची, सकाळी सर्व्हरच कोड तयार करून आत जाईल, काकांना काही करावंच लागणार नाही. आमच्यातला एक जण याच्या बाजूने ठाम होता, म्हणाला लोक असंही पायथॉनमध्ये हेच करतात, आपण सोपं करून देऊ. वापरणाऱ्याच्या सोयीने बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. पण पासवर्ड आणि टीओटीपीची की दोन्ही एकाच सर्व्हरवर ठेवली तर दुसरा फॅक्टर उरतो कुठे? ज्याच्या हाती तो सर्व्हर लागला त्याच्या हाती दोन्ही लागले. आणि रोज सकाळी माणसाने स्वतः आत यायचं यामागे हेतू आहे, तो आडवाटेने मोडायचा नाही असं ठरलं. हा निर्णय मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तिसरा पर्याय, ट्रू-फॉल्स तसंच ठेवून वर्णन लांबलचक लिहा. हे मी केलंसुद्धा, दीड पानाचा मसुदा. त्यात ‘कुठलंही काम करण्याआधी नेहमी लॉगिन तपासा’ असं एक वाक्य होतं. एजंटने ते शब्दशः पाळलं. रिलायन्सचा भाव विचारला की आधी तपास, टीसीएसचा विचारला की परत तपास, आणि प्रत्येक तपास म्हणजे ब्रोकरला एक कॉल, थोड्याच वेळात ४२९ यायला लागले, म्हणजे फार विनंत्या झाल्या, थांबा. वर ते दीड पान प्रत्येक संभाषणात, वापरकर्त्याने लॉगिनचा विषयही काढलेला नसताना, एजंटच्या समोर येऊन बसत होतं.

चौथा पर्याय निवडला. उत्तराचा आकार बदलायचा, वर्णन छोटं पण नेमकं ठेवायचं, आणि त्या त्या स्थितीत काय करायचं ते उत्तरासोबतच पाठवायचं.

काय केलं

ट्रू-फॉल्सच्या जागी चार स्थिती आल्या: चालू, संपलं, कधीच केलेलं नाही, आणि कळत नाही. चौथी स्थिती ठाण्याच्या प्रकरणातून आली. ब्रोकरकडून उत्तरच आलं नाही तर आपल्याला माहीत नाही असंच सांगायचं, ‘नाही’ म्हणायचं नाही. दिसायला किरकोळ बदल आहे, पण टीममध्ये सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच गेला, कारण प्रोग्रामरला कळत नाही असं उत्तर द्यायला आवडत नाही.

नवीन वर्णन मुळात इंग्रजीत आहे, मराठीत साधारण असं:

‘ब्रोकरच्या सर्व्हरला विचारून या क्षणी सेशन जिवंत आहे का ते सांगतं. फक्त वाचतं, काही बदलत नाही, कुणाला लॉगिन किंवा लॉगआउट करत नाही. संभाषणात पहिल्यांदा खात्याची माहिती किंवा ऑर्डर मागितली की एकदा बोलवा, आणि दुसऱ्या टूलने सेशन संपल्याचं सांगितलं तर बोलवा. भाव आणण्याआधी गरज नाही. चालू याचा अर्थ फक्त लॉगिन आहे. पैसे आहेत, सेगमेंट सुरू आहे, ऑर्डर लागेल असा नाही. पासवर्ड, पिन, ओटीपी किंवा टोकन वापरकर्त्याकडे कधीही मागू नका. त्याने आपणहून लिहिलं तर ते वापरू नका, उत्तरात पुन्हा लिहू नका, आणि ते लगेच बदलायला सांगा.’

यातलं ‘चालू याचा अर्थ फक्त लॉगिन आहे’ हे वाक्य दोनदा मसुद्यातून गळालं होतं, जागा वाचवायला. दोन्ही वेळा परत आणलं. कारण वायद्याचा सेगमेंट (वायदे व्यवहारांची सोय) खात्यावर सुरू नसलेल्या माणसाला एजंट सांगत होता की लॉगिन आहे म्हणजे ऑर्डर लागायला हरकत नाही. ओळख पटणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं, हे एजंटला कुणीतरी सांगावं लागतं.

बाकीच्या सूचना उत्तरात गेल्या. ‘कळत नाही’ सोबत जातं: ‘याला संपलं समजू नका, पुन्हा लॉगिन करायला सांगू नका, कारण नवीन लॉगिनने याच कीवर चालू असलेला दुसरा प्रोग्राम बंद पडू शकतो. थोडं थांबून एकदाच परत विचारा, तरी कळलं नाही तर वापरकर्त्याला तसंच सांगा.’ ज्या वेळेला ही माहिती लागते त्याच वेळेला ती एजंटसमोर येते, एरवी नाही.

वेळेचं प्रकरण वेगळंच निघालं. टोकन कधी संपेल ते आम्ही यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत देत होतो. सकाळचे सहा म्हणजे यूटीसीमध्ये ००:३०. एजंट ते वाचून लोकांना सांगत होता, तुमचं लॉगिन रात्री साडेबारापर्यंत आहे. शिवाय सर्व्हर यूटीसीवर असल्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात त्याची ‘आजची तारीख’ भारतात कालची असते. आता उत्तरात भारतीय वेळ, पुढे प्लस ०५:३०, आणि सोबत तपासल्याची वेळही जाते, म्हणजे उत्तर किती शिळं आहे ते एजंटला कळतं.

आणखी एक गोष्ट स्वतःला बजावून सांगावी लागली. वर्णनात ‘मागू नका’ लिहिणं ही सूचना आहे, कुलूप नाही. एमसीपीमध्ये हे टूल फक्त वाचतं असं सांगणारी रीडओन्लीहिंट नावाची खूण लावता येते, ती लावली, पण तीही नावाप्रमाणे हिंटच. म्हणून चेक_ऑथचा स्कीमा कडक ठेवला, एकही इनपुट घेत नाही, कुणी जास्तीचं काही पाठवलं तर नाकारतो. आणि ऑर्डरचं टूल चेक_ऑथने आधी काय सांगितलं त्यावर विसंबत नाही, स्वतःच्या कॉलला ब्रोकर काय म्हणतो तेच धरतं. ब्रोकरचा ४०३ आमच्या कोडमध्ये उलगडून ‘सेशन संपलं’ किंवा ‘परवानगी नाही’ असा साध्या शब्दांत पुढे जातो. तो उघडा आकडा एजंटकडे जाऊच द्यायला नको होता.

तपासलं कसं

नव्याने आलेल्या इंटर्न मुलीला फक्त वर्णन दिलं, कोड दाखवला नाही, आणि विचारलं की हे टूल काय करतं, काय करत नाही. तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं, “हे बोलावल्यावर लॉगिन होतं का?” जुन्या एका ओळीतून हा प्रश्न सुटत नव्हता आणि आमच्यापैकी कुणाला तो पडलाही नव्हता, कारण आम्हाला उत्तर माहीत होतं. ‘कुणाला लॉगिन किंवा लॉगआउट करत नाही’ हे वाक्य तिच्यामुळे आलं.

मग वेगवेगळ्या परिस्थिती लिहून काढल्या, सोमवारची सकाळ, मधेच तुटलेलं नेट, रात्री एकची वेळ, न विचारता ओटीपी लिहिणारा वापरकर्ता, आणि प्रत्येकीत कोऱ्या संभाषणात एजंट काय करतो ते बघितलं. एकदा बघून भागत नाही, तोच प्रश्न परत विचारला तर वागणं बदलतं, म्हणून प्रत्येक परिस्थिती अनेकदा चालवली. वर्णनातला एक शब्द बदलला तरी हे सगळं परत चालवायचं असा नियम केला, कोड बदलल्यावर टेस्ट चालवतो तसाच.

परिणाम

आमच्या चाचण्यांमध्ये त्यानंतर एजंटने पासवर्ड किंवा कोड मागितलेला नाही, आणि टाइमआउटला पुन्हा लॉगिन करायला लावलेलं नाही. वापरकर्त्यांकडूनही तशी तक्रार आलेली नाही. ठाण्याच्या वापरकर्त्याला वेगळी एपीआय की घ्यायला सांगितलं, स्क्रिप्टला एक आणि एजंटला एक, ते आता सुरुवातीच्या सूचनांमध्येच आहे.

एक चूक मात्र दिवाळीत सापडली. वर्णनात मी उत्साहाने बाजाराची वेळही घातली होती, सव्वानऊ ते साडेतीन. २१ ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजनाची सुट्टी होती आणि मुहूर्त ट्रेडिंग दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. सकाळी अकरा वाजता एजंट बिनधास्त सांगत होता की लॉगिन आहे, बाजार उघडा आहे. लॉगिनच्या टूलने बाजाराबद्दल बोलायचं कारणच नव्हतं. ती ओळ त्याच दुपारी काढली, बाजाराच्या वेळेसाठी वेगळं टूल केलं, सुट्ट्यांच्या यादीवर चालणारं.

आता काय वेगळं केलं असतं

ट्रू म्हणजे नेमकं काय हे कोड लिहायच्या आधी कागदावर लिहिलं असतं. फाईल आहे का हे तपासणाऱ्या टूलला ‘ऑथेंटिकेटेड आहे का’ असं वर्णन देताना हात थांबला असता, कारण ते खोटं होतं. वर्णन आधी लिहिलं असतं तर कोडही वेगळा झाला असता.

काकांच्या प्रकरणानंतरचा घाईचा बदल चाचणीशिवाय सोडला नसता. टाइमआउटला फॉल्स हा त्याच घाईचा भाग, आणि त्याचा फटका दुसऱ्याला बसला.

आणि वापरणाऱ्यांसाठीचं पान पहिल्या दिवसापासून मराठीत असायला हवं होतं. एजंटसाठीचं वर्णन आणि माणसासाठीचं पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आम्ही एकावर दुसरं भागवत होतो. आता त्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात आहे: पासवर्ड आणि कोड चॅटमध्ये कुणी मागितला तर देऊ नका, मागणारं आमचं टूल असलं तरी.

लॉगिनच्या लिंकचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. सेशन संपलं की आधी एजंट चॅटमध्येच लिंक द्यायचा. पासवर्ड मागणं थांबलं खरं, पण चॅटमध्ये आलेल्या लिंकवर जाऊन पासवर्ड टाकायची सवय आम्हीच लावत होतो, आणि उद्या दुसऱ्या कुणी खोटी लिंक दिली तर माणूस तिथेही जाईल. म्हणून आता उत्तरात लिंक जात नाही. एजंट सांगतो, ब्रोकरचं अ‍ॅप किंवा तुम्ही जपून ठेवलेला बुकमार्क स्वतः उघडा. काही जणांना हे गैरसोयीचं वाटतं, तसं ते कळवतातही, आणि टीममध्ये लिंक परत आणावी का यावर दर महिन्याला बोलणं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “राहू दे तसंच. दोन क्लिक जास्त लागतात, पण कुठं चाललोय ते मला दिसतं.”